हे उखळ कोणाचं

वैशाख आला की आमच्या रस्त्यावर तो आधी घशाला कळतो. या महिन्याच्या सुरुवातीला मी लिफ्टमध्ये शिरलो तर आत उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम ठसका लागलेला. कोपऱ्यात दहाव्या मजल्यावरच्या वहिनी स्टीलचा मोठा डबा पोटाशी धरून उभ्या होत्या, झाकणावर फडकं बांधलेलं. "सॉरी हं काका, मसाला आत्ताच कांडून आणलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनाच शिंक आली. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र खुर्चीत बसलो तो बराच वेळ बसूनच राहिलो. सुनेने विचारलं, "बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना?" घेतली होती. मिरचीच्या दिवसांत मला काय होतं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिलाच काय, कोणालाच नाही. आता सांगायला हवं.

आमचा रस्ता लहान आहे. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा सिग्नल दिसतो. पण त्याला दोन बाजू आहेत. पलीकडे संग्रहालय. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मुंबई पाहायला आलेली माणसं तिथे जातातच, आणि मी जे सांगणार आहे त्यात चूक त्यांची नाही. साहेबाच्या काळातली इमारत, लोखंडी कठडा, आत मोठमोठी शिरीषाची झाडं. अलीकडे आमच्या चाळी होत्या. पुस्तकातला रस्ता म्हणजे पलीकडची बाजू: कोनशिला कोणी बसवली, खांब कुठे ओतले, घड्याळ कुठल्या बोटीतून आलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, तोही हाच. दरवर्षी मुलांना सहलीला तिथे न्यायचो. फाटकापाशी रांगेत उभं करून मी त्यांना इमारतीची माहिती द्यायचो, तेव्हा आमच्या चाळीकडे त्यांची पाठ असायची.

अलीकडच्या बाजूला काय घडत होतं ते कोणी लिहीत नव्हतं. ट्रामचे रूळ डांबराखाली गेले. घोड्यांचा तबेला होता तिथे गॅरेज आलं, गॅरेज गेलं तिथे बँक आली. गिरणीचा भोंगा झाला की डबे घेऊन निघणारी माणसं एका वर्षी संपावर गेली, आणि त्यातली बरीचशी गावाला गेली ती गेलीच. चाळी पाडून टॉवर उभा राहिला, त्यात आता आम्ही राहतो. रस्ता मात्र तोच आहे. उन्हाळ्यात तापतो आणि मिरचीचा वास धरून ठेवतो.

तो वास पूर्वी आजच्यासारखा डब्यात बांधून येत नसे. शिमगा आटोपला की सरूबाई कोकणातून यायच्या, बरोबर त्यांची जाऊ आणि लहानगी मुलगी कुसुम. आता मी 'यायच्या' असं लिहितो आहे. तेव्हा आमच्या घरात 'सरू आली' असं म्हणत. मीही तसंच म्हणायचो, आणि माझ्या वयाच्या दुप्पट होत्या त्या. चाळीच्या पायऱ्यांपाशी, संग्रहालयाच्या फाटकाच्या अगदी समोर, त्यांचं लोखंडी उखळ मांडलं जायचं. गुडघ्याच्या वर येईल एवढं उंच. एकदा हातगाडीवरून पडून त्याच्या काठाचा टवका उडाला होता. गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या, घरोघरच्या वेगळ्या, मधे विटा ठेवून हद्दी आखलेल्या. बेडगी, संकेश्वरी, लवंगी. त्यांची देठं काढायची, शेगडीवर मोठ्या कढईत भाजायच्या, मग धणे, दगडफूल, हळकुंडं. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. त्या तालात दुपार सरायची. सवय अशी झाली होती की ताल चुकला तर झोपलेली माणसं जागी व्हायची.

मिरच्या भाजायला लागल्या की सगळा रस्ता खोकायचा. संग्रहालयाचा दरवान नाकावर रुमाल धरून रस्ता ओलांडून यायचा. "अरे बाई, बंद करो! अंदर साब लोग छींकता है!"

सरूबाई कढईतला झारा न थांबवता सांगायच्या, "साहेबाक सांग, शिंक इली तर दोन मिनटां थांबाचां, मगे कामाक लागाचां!"

दरवानाला कळायचं काहीच नाही, पण जाऊबाई आणि पायऱ्यांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि तोही हसत परत जायचा.

एक रीत होती. ज्या घरचा मसाला त्या दिवशी उखळात, त्या घरचं कोणीतरी शेजारी बसायचं. त्याला 'मसाल्यापाशी बसणं' म्हणत. बोलायला म्हणून नव्हे, राखणीला. मसाला महाग, कांडणारी गरीब, म्हणून नजर ठेवायची. माझ्या परीक्षा याच दिवसांत यायच्या, त्यामुळे आमच्या घरातून ते काम मला. कॉलेजात होतो तेव्हासुद्धा. आई सांगायची, "मधू, वाच काय वाचायचं ते, पण एक डोळा उखळात ठेव." मी स्टूल घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, मांडीवर पुस्तक उघडून बसायचो. पुस्तकात काय होतं ते आज आठवत नाही. सरूबाईंच्या कपाळावरून ओघळलेला घाम त्या कोपराने पुसायच्या, बोटाने कधीच नाही, ते आठवतं.

एकदा त्यांनी मुसळ थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "झिला, अभ्यास कर. माका चोरूचां असतां तर तुझ्या डोळ्यांदेखत चोरलां असतां."

मी पुस्तकात मान घातली. कुसुम देठं काढत बसली होती, ती फिसकन हसली.

दुसरी रीत मुठीची. पैशांखेरीज कांडणारीने आपल्या मुठीने एक मूठ मसाला घ्यायचा. मालवणी घरची मूठ, घाटावरच्या घरची मूठ, माझगावहून मसाला कांडून घ्यायला येणाऱ्या ख्रिस्ती बायकांची मूठ, पाठारे प्रभूंच्या सांबार मसाल्याची मूठ, सगळं एकाच डब्यात. सरूबाईंच्या घरच्या कालवणाला त्यामुळे अशी एक चव असायची जी रस्त्यावरच्या एकाही घरात नव्हती आणि प्रत्येक घराची थोडी थोडी होती. आमच्या रस्त्याचा इतिहास कुठे साठवलेला असेल तर त्या डब्यात होता असं मी पुढे एका भाषणात म्हणालो, टाळ्याही घेतल्या. जे म्हणालो नाही ते हे, की माझी आई सरूबाईंना त्यांच्या मुठीने घेऊ देत नसे. "मी देते ना," म्हणायची आणि स्वतःच्या मुठीने द्यायची. आईचा हात लहान होता.

आई वाईट नव्हती. गोदीतल्या कारकुनाच्या पगारात चार माणसांचं भागवायचं तर प्रत्येक मूठ मोजूनच उघडावी लागते. पण ती पायऱ्या उतरून उखळापाशी कधी आली नाही. वरूनच बघायची, नाकाला पदर लावून.

संध्याकाळी काम संपलं की सरूबाई चाळीच्या नळावर हात बुडवून बसायच्या. मग खोबरेल चोळायच्या. तरी आग जायची नाही. गरम भाताला बोटं लावता येत नसत, म्हणून कुसुम आईला भरवायची. पायरीवर बसून, पितळी मांडीवर घेऊन, सात-आठ वर्षांची पोर आपल्या आईला घास भरवायची आणि मधेच दटावायची, "आ कर गो! मोठो आ!" आम्ही जाता-येता बघायचो. मला ते तेव्हा विचित्र वाटायचं. विचित्र म्हणजे थोडं घाणेरडंच. रस्त्यावर काय हे, असं.

पाऊस जवळ आला की त्या गावाला जायच्या आणि उखळ आमच्या जिन्याखाली राहायचं, कारण तळमजल्यावर जिन्याला लागून खोली आमची. "वहिनी, ठेवतंय हां. पुढच्या शिमग्यान येतंय." असं दरवर्षी. मग संप झाला, घरं रिकामी झाली, नाक्यावर कांडप मशीन आलं. एका वर्षी सरूबाई आल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. आम्ही चौकशी केली का? नाही. आईने उखळात माती भरून कोरफड लावली. माझ्या मुलांनी त्यावर बसून फटाके उडवले. ते आमचंच वाटायला लागायला फार वर्षं लागली नाहीत.

मी निवृत्त झाल्यावर संग्रहालयाची मोठी दुरुस्ती झाली. नव्याने उघडल्यावर त्यांनी एक दालन आमच्या रस्त्यासाठी ठेवायचं ठरवलं, अलीकडच्या बाजूसाठी. त्या कामावर केतकी नावाची मुलगी होती. चटचट बोलणारी, कापडी पिशवी खांद्याला. मजकूर लिहायला तिला रस्त्यावरचा जुना शिक्षक हवा होता. ती चाळीत आली, खोली बघितली. कारकुनाच्या घरात दाखवण्यासारखं काय असतं? छत्री आणि जेवणाचा डबा. ती निराश झालेली मला दिसली. मग जिन्याखाली वाकून तिने बघितलं.

"काका! हे कोणाचं?"

तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ना, ते मला हवं होतं. नोकरीभर मी पलीकडच्या बाजूचा इतिहास सांगितला. आता पलीकडची बाजू अलीकडे येऊन विचारत होती, तुमच्याकडे काय आहे.

"आमच्या आईचं," मी म्हणालो.

"म्हणजे तुमची आई मसाला कांडायची? इथे, रस्त्यावर बसून?"

इथून मागे फिरता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, अगं कांडायच्या त्या सरूबाई, आईने नुसतं जिन्याखाली राहू दिलं. मी म्हणालो, "हो."

मग पुढचं आपोआप आलं. आईच्या हातांची आग व्हायची. आई नळावर हात बुडवून बसायची. आणि मी, तिचा मुलगा, संध्याकाळी पायरीवर बसून तिला घास भरवायचो.

त्यांनी ते माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. उखळ घासूनपुसून उजेडात ठेवलं, शेजारी नवं मुसळ, आणि खाली माझ्या आईचं नाव: सुलोचना. पाहुणे कानाला यंत्र लावून माझा आवाज ऐकायचे. दर उन्हाळी सुट्टीत मुलांच्या शिबिरात केतकी मला बोलवायची. मी घास भरवण्यापाशी आलो की पालकांत कोणीतरी डोळे पुसायचं. मीही रडायचो. आणि ते रडणं खोटं नव्हतं. हेच मला माझ्याबद्दल समजत नाही. ज्या बाईवर मी चोरीच्या संशयाने नजर ठेवली तिच्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट मी भर उजेडात उचलली आणि वर रडलोही.

दादरला माझी थोरली बहीण असते. दालन बघून ती टॅक्सीची वाट बघत माझ्यापाशी उभी होती. "अरे, आईने जन्मात मुसळ उचललं नाही." मग तीच म्हणाली, "जाऊ दे. आईचं नाव लागलं ना कुठेतरी." आम्ही दोघं तिथे शाळकरी पोरांसारखे उभे होतो, खोडी पचली म्हणून हायसं वाटलेल्या.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका संध्याकाळी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेली बाई, सुती साडी, बरोबर पुस्तकाची पिशवी धरलेली नात.

"मधूदादा ना? ओळखलं नाहीस. मी कुसुम. सरूची."

आता ती अँटॉप हिलला राहते, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नातीला सुट्टी, म्हणून संग्रहालय बघायला आली होती. पाणी घेतलं. चहा नको म्हणाली, साखर आहे म्हणून.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "कानाला लावून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं रे. म्हटलं, आपल्यासारखं आणखी कोणीतरी होतं ह्या रस्त्यावर. मग काठाचा टवका बघितला."

नात तिच्याकडे बघत होती.

"भरवत तर मी होते."

"हो," मी म्हणालो.

"तुझी आई वाईट नव्हती. पण तिने कांडलं नाही, मधूदादा." तिने पदर सारखा केला. "माझ्याकडे आईचा फोटो नाही. गावी गेली ती तापाने, फोटो काढायचं कोणाला सुचतंय. एक जागा होती जिथे तिचं नाव राहिलं असतं, तिथे पण तुम्हीच बसलात. तूच सांग त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी भांडायला आली. तू मास्तर."

"सांगतो," मी म्हणालो. तिने फोन नंबर दिला. लिफ्टपाशी नात तिला विचारताना ऐकू आलं, "आजी, ते आजोबा खोटं बोलले?" कुसुमचं उत्तर यायच्या आत दार बंद झालं.

मी सांगितलं नाही. पाऊस होता. मग गुडघा. मग केतकीचं लग्न, मग दिवाळी. माणसाला कारणं सापडली की महिने कसे पटापट सरतात. शिबिराचं बोलावणं येईल तेव्हा सांगू, असंही एक ठरवलं होतं. बोलावणं आलं तेव्हा तब्येतीचं सांगून नाही म्हणालो. कुसुमने एकदाही फोन केला नाही. केला असता तर मी चिडलो असतो आणि त्या चिडण्याचा मला आधार झाला असता.

लिफ्टमधल्या त्या ठसक्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला फोन केला. "येतेस?" विचारलं. "येते," म्हणाली. काही विचारलं नाही.

केतकीला मी दालनातच सांगितलं, कुसुमला घेऊन उखळापुढे उभं राहून. घरी सराव केला होता, तो सगळा विसरलो. म्हणालो, हे आमच्या आईचं नाही. हे ह्यांच्या आईचं. भरवायच्या ह्या. मी राखणीला बसायचो.

केतकी आधी हसली, मी काहीतरी गंमत करतोय असं वाटून. मग थांबली. "काका, मी हे इतक्या मुलांना सांगितलंय. माझ्या तोंडाने." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही रडला होतात. मी पण." तिच्या आवाजात राग नव्हता, तिला नुसतं फसल्यासारखं झालं होतं. माझ्या वर्गात मी कधी एखाद्या पोराला असा पडेल चेहरा करायला लावला असेल तर आठवत नाही.

वातावरण हलकं केलं ते कुसुमनेच. शेजारचं नवं, पॉलिश केलेलं मुसळ तिने हातात तोललं. "हे काय गो? ह्याने काय वरण घोटायचं?" केतकीला हसू आलं, डोळे पुसत हसली.

मग कामाचं बोलणं झालं. माझा आवाज काढून टाकायचा. पाटी नवी. "त्यांचं पूर्ण नाव?" केतकीने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत सरूच्या पुढे काय ते मी कधी विचारलं नव्हतं.

"सरस्वती धोंडू परब," कुसुम म्हणाली. एकेक शब्द सावकाश, लिहून घेता यावा म्हणून.

"खाली काय लिहू? मसाला कांडणाऱ्या कष्टकरी महिला, असं काही?"

"नाव लिही बाय. काय करत होती ते समोर आहे."

खालच्या ओळीत देणगीदार म्हणून माझं नाव होतं. मी म्हणालो, ते खोडून टाक. केतकीने कुसुमकडे पाहिलं. कुसुमने मान हलवली.

"नको. त्याचं नाव राहू दे. आई ह्यांच्या जिन्याखाली ठेवून गेली होती. एवढ्या वर्षांत कोणीही भंगारात घातलं असतं, मग मला काय दिसलं असतं? ह्याने घातलं नाही. खोटं बोलला ते बोलला, पण सांभाळलं ते पण खरं. देणगी-बिणगी नको लिहू. सांभाळलं, असं लिही."

केतकीने लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो. बोललो नाही.

पाटी लागली आहे, केतकीने फोटो पाठवला. वर सरस्वती धोंडू परब. खाली बारीक अक्षरांत माझं नाव आणि 'यांनी सांभाळले'. ती ओळ चुकीची आहे. चाळ पाडायचं ठरल्यावर आम्ही अडगळ काढत होतो, तेव्हा ते उखळ मीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवून दिलं होतं. कोरफड उपटून मातीसुद्धा मीच झटकली. गाडी निघाली आणि नाक्यावर पोलिसांनी अडवली. दुरुस्त झालेल्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला कोणी मोठे पाहुणे यायचे होते. भंगारवाला वैतागून परत आला, जड म्हणून तेवढं उखळ जिन्याखाली उतरवून गेला, "उद्या नेतो," म्हणाला आणि आला नाही. पुढे केतकी आली.

कुसुम, तू हे वाचशील की नाही, ठाऊक नाही. मी ते सांभाळलं नाही. त्या दिवशी रस्ता बंद होता, एवढंच.